सावधान उभी जनावरं

माझा नवरा कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभ्या करतो. आमच्या इमारतीखाली एक निळी जाळी आहे, जळणारा कचरा ठरलेल्या दिवशी तिच्याखाली ठेवायचा असतो. बाकीचे लोक अर्धवट झोपेत येतात, पिशवी टाकतात आणि ट्रेन गाठायला पळतात. अंबरीष आपली पिशवी ठेवतो, शेजाऱ्यांच्या सरळ करतो, सगळ्या गाठी एका बाजूला वळवतो, जाळी चारी कोपऱ्यांनी ताणून बसवतो आणि मग एक पाऊल मागे येऊन पाहतो. तळमजल्यावरच्या आजी त्याला कमरेत वाकून नमस्कार करतात. घरात कमावणारी मी, पण मला त्या नुसती मान हलवतात.

अंबरीष सैन्यात मेजर होता, सॅपर, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या दलात. सिक्कीममध्ये रस्ता खचला, जीप कलंडली, उजवा गुडघा कामातून गेला आणि गुडघ्यापाठोपाठ नोकरी. त्याच सुमारास माझ्या बँकेने मला जपानात, कोबेला पाठवलं. मग मी, तो आणि आमची चैत्राली, असे तिघं रोक्कोमिची स्टेशनच्या डोंगराकडच्या बाजूला एका छोट्याशा घरात येऊन राहिलो. सकाळी मी ट्रेनने ऑफिसला, चैत्राली शाळेत, आणि मेजरसाहेब घरी. हुकूम सोडायला त्याच्या हाताखाली एक राइस कुकर तेवढा उरला होता.

थट्टा करते आहे, पण ते पहिलं वर्ष वाईट गेलं. तो कुरकुरत नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. उठून दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर ताठ बसून राहायचा. कुणीतरी बोलावणं पाठवेल आणि आपण तयार असलं पाहिजे, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. संध्याकाळी मला घ्यायला स्टेशनवर यायचा. तिकिटांच्या फाटकासमोर दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभा. गुडघा ठणकत असणार, पण एका पायावर रेललं तर लंगडा दिसेन, ही भीती. त्याला तसं पाहिलं की माझीही पाठ आपोआप सरळ व्हायची. तो विचारायचा, "कसा गेला दिवस?" मी म्हणायचे, "मस्त." रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर.

मोरिवाकी-सानची गाठ पडली ती चैत्रालीमुळे. स्टेशनपासून थोडं पुढे, रुळांच्या खाली, खांबांच्या मधल्या जागेत जुने गाळे आहेत. त्यातल्या एकाच्या काचेत घुबड होतं. चैत्रालीने बापाला हाताला धरून आत ओढलं. आत एक म्हातारे गृहस्थ, तेच मोरिवाकी-सान (सान म्हणजे आपलं 'जी'), एका कोल्ह्याला काचेचा डोळा बसवत होते. मेलेल्या जनावरांना पुन्हा उभं करण्याचं त्यांचं काम. डोक्यावरून ट्रेन गेली, टेबल हादरलं आणि डोळा त्यांच्या चिमट्यातून निसटून जमिनीवर घरंगळला.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं. कुणी काही बोललं नाही. मोरिवाकी-सान भिंतीपाशी गुडघे टेकून बसले. अंबरीष दुखरा गुडघा सांभाळत त्यांच्या शेजारी, एक हात अंतर सोडून. चैत्रालीला त्याने खुणेनेच दारात थांबवलं, म्हणजे कुणाच्या बुटाखाली डोळा जायला नको. मग दोघं जमिनीवरून तळवे फिरवत, एका रेषेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत सरकत गेले. डोळा फ्रीजरखाली सापडला. मोरिवाकी-साननी तो पुसला, अंबरीषकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या दलात होतात?"

साधा माणूस हरवलेली वस्तू शोधताना खुर्च्या उचलतो, इकडे डोकावतो, तिकडे डोकावतो. हे दोघं ओळ धरून निघाले होते. गोळीबाराचा सराव झाला की काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या असतात. एक जरी कमी भरली तर कुणीही जेवायला जात नाही, अख्खी तुकडी गवतात रांगत शोधत बसते. अंबरीषने हे उमेदीच्या वर्षांत केलं होतं. मोरिवाकी-साननी जपानच्या दलात, हिमेजीच्या तळावर सार्जंट असताना केलं होतं. त्या एका डोळ्यावर दोघांची ओळख पटली, आणि थोड्याच दिवसांत आमच्या मेजरना गाळ्यात बाइतो मिळाला. बाइतो म्हणजे तासांवारी नोकरी. इथे ती कॉलेजातली मुलं करतात.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्या क्षणभर स्क्रीनवर गोठल्या. मला वाटलं नेट गेलं.

"मेलेल्या जनावरांत पेंढा भरायला मेजर झाला होतास का रे?"

"पेंढा नसतो आई, फोम असतो."

"हो का. मग सोवळ्यातच बसलं म्हणायचं." मग त्याला आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल न टाकण्याची तंबी देऊन त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला लावला आणि हळूच म्हणाल्या, "बरा दिसतोय गं अनुराधा. तोंडावर जरा रंग आलाय."

मी गाळ्यात पहिल्यांदा गेले ती एका शनिवारी, डबा द्यायला. आत चामड्याचा आणि गोंदाचा वास होता. वरून ट्रेन गेली की खणांमधले काचेचे डोळे किणकिणायचे. भिंतीला लागून मोरिवाकी-सानची आजवरची जनावरं उभी होती. कोल्हा, माकड, दोन तितर, आणि तानुकी नावाचा इथला एक केसाळ प्राणी, जो एरवी कमालीचा गबाळा असतो. सगळ्यांच्या माना ताठ होत्या. छात्या पुढे, कान वर, नजर समोर. माकडाचे हात दोन्ही बाजूंना शरीराला चिकटलेले. तितरांचे पाय जुळलेले. तानुकीने तर पोटसुद्धा आत ओढलं होतं.

मला हसू आवरेना.

"काय झालं?" अंबरीषने विचारलं.

"काही नाही. परेड, विश्राम, असं म्हणावंसं वाटतंय."

मोरिवाकी-साननी अर्थ विचारला. मी जपानीत सरळ सांगून टाकलं. अंबरीषने माझ्याकडे असं पाहिलं की एखादा जवान असता तर त्याची रजा रद्द झाली असती. मोरिवाकी-सान मात्र रागावले नाहीत. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि स्वतःच्याच जनावरांकडे बघत राहिले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "माझे गुरूही दलातलेच होते. इकडचे आम्ही या कामातले लोक दर जानेवारीला एकत्र जेवतो, त्यात बहुतेक जुने शिपाई. आम्हाला हे काम जमतं. हात स्थिर असतो, रक्ताची किळस नसते, दिवसभर न बोलता बसता येतं. हत्यार जागेवर नसेल तर झोप लागत नाही. आमचा टाका शोधून सापडणार नाही. फक्त एक जण आमच्यात पूर्वी हॉटेलात आचारी होता. त्याची जनावरं जिवंत वाटतात. आमची ड्यूटीवर वाटतात."

अंबरीषला ते पटलं नाही. घरी येताना म्हणाला, "ताठ उभं राहण्यात वाईट काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही," आणि विषय सोडला. तो कामावर जायला लागला होता, रात्री जेवताना कोल्ह्याच्या ओठांबद्दल बोलायला लागला होता. मला तेवढं पुरेसं होतं.

त्याच हिवाळ्यात ओकामी-सान गेली.

ओकामी म्हणजे खाणावळीची मालकीण. आमच्या भागात डोंगरातून रानडुकरं उतरतात, त्याचं इथे कुणाला नवल नाही. ही एक थोराड रानडुकरीण होती. रोज संध्याकाळी नदीच्या पात्रातून खाली यायची आणि हॉटेलांची मागची दारं तपासत फिरायची, म्हणून लोकांनी तिला हे नाव दिलेलं. रानडुकरांना खायला घालायला बंदी आहे. ती कुणी घालायची वाट बघत बसत नसे. माझीसुद्धा कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातली, पिशवी तिने एकदा हिसकावली होती, भाताच्या दोन ओनिगिरी आणि चैत्रालीचं पुडिंग. तर एका सकाळी ती डिलिव्हरीच्या गाडीखाली आली, आणि तिच्या नावाने शिव्या घालणारे लोकच त्या वळणावर फुलं ठेवून गेले.

डोंगरावर शाळेच्या मुलांसाठी एक छोटं निसर्गभवन आहे. तिथल्या प्रमुख हिराओका-सान. तपासण्या-बिपासण्या उरकून त्यांनी ओकामी-सानला मोरिवाकी-सानच्या गाळ्यात पाठवलं आणि सोबत एक गोष्ट कळवली. ही नीट झाली, तर भवनातली सगळी जुनी झिजलेली जनावरं दुरुस्तीला याच गाळ्यात येतील. काही वर्षं पुरेल एवढं काम होतं ते. मोरिवाकी-सान सत्तरीच्या पुढचे, बोटं थरथरायला लागलेली. त्यांनी अंबरीषला स्वच्छ सांगितलं. ओकामी-सान तुम्ही बनवा. काम मिळालं तर मी शिकवतो आणि गाळा पुढे तुम्ही चालवा. नाही मिळालं तर मार्चअखेर मी शटर ओढतो.

शटर ओढलं म्हणजे अंबरीष पुन्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर. बँकेने माझी इथली मुदत नुकतीच वाढवली होती. आणखी तीन वर्षं रोज सकाळी त्याला त्या खुर्चीत सोडून निघावं लागलं असतं. व्हिसाची कटकट मी निस्तरली असती, त्या असल्या कामांना मी घाबरत नाही. रानडुकरिणीपुढे मात्र माझा इलाज नव्हता.

अंबरीषने जीव ओतला. फोमचं धड कोरलं, त्यावर मातीने स्नायू आणि चेहरा चढवला. कातडं कमावून फ्रीजरमध्ये थांबलं होतं. ते चढवण्याआधी हिराओका-सान धड पाहायला आल्या. भाषेला मदत म्हणून मीही गेले होते. हिराओका-सान पन्नाशीच्या, बारीक, पायात चिखलाचे बूट. त्यांनी धडाभोवती एक फेरी मारली, मग उलटी एक.

"फार भरवशाची वाटते," त्या म्हणाल्या.

अंबरीषचा चेहरा उजळला. मोरिवाकी-सानचा पडला. माझ्या लक्षात आलं की दोघांनी एकच वाक्य ऐकलं आहे आणि एकालाच ते कळलं आहे.

"ओकामी-सान पिशव्या पळवायची," हिराओका-सान हळू आवाजात पुढे म्हणाल्या. "हिला पिशवी सापडली तर ही पोलीस चौकीत नेऊन देईल. तेव्हा जरा..." आणि तिथेच थांबल्या. इथे वाक्य असं अर्धवट थांबलं की पुढे विचारायचं नसतं. दारात बूट सारखे करताना मात्र त्या वळल्या. "मार्चच्या सुरुवातीला पुन्हा येते. तोपर्यंत काही जमलं तर बघू या."

चढावरून घरी जाताना मी अंबरीषला अर्थ समजावला.

"पण रिलायेबल म्हणाली ना ती?"

"ती तुझा कॉन्फिडेन्शिअल रिपोर्ट लिहीत नव्हती, अंबरीष. ती नको म्हणत होती."



दुसऱ्या दिवसापासून तो उजाडताना नदीवर जायला लागला, दुसरी रानडुकरं बघायला. शेजाऱ्यांच्या फोनमधले ओकामी-सानचे फोटोही त्याने मागून घेतले. ढीगभर होते, आणि प्रत्येकात ती फोटो काढणाऱ्याकडे वळून, कान उभारून बघत होती. आठवडाभर हे चाललं. रविवारी तो परत आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि चैत्राली सोफ्यावर उलटी लोळत होती, पाय भिंतीवर, डोकं खाली.

"सगळी सावधानच उभी असतात, अनू," तो दारातूनच म्हणाला. "एकूण एक. मी खोटं बनवलेलं नाहीये. डुक्कर असंच उभं राहतं."

माझी पोळी करपली होती, आणि तो घरात शिरल्याबरोबर चैत्राली सोफ्यावर नीट उठून बसली होती, फ्रॉक गुडघ्यावर ओढून. ते पाहिलं आणि माझा तोल गेला.

"तुला बघून राहतात ती तशी," मी म्हटलं. "तू असा खांब होऊन समोर उभा राहिल्यावर कोण सैल पडेल? डुकरांचं सोड, आम्ही तरी कुठे पडतो?"

 त्याने चैत्रालीकडे पाहिलं. ती तशीच बसली होती, हात मांडीवर. मग माझ्याकडे पाहिलं.

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, कारण तो खरा होता. तो आमच्यावर कधी ओरडला नव्हता, कधी शिस्तीचे धडे दिले नव्हते. नुसता दारातून आत यायचा आणि आमच्या पाठी सरळ व्हायच्या. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, कारण तो पाहायला लागेपर्यंत आम्ही सरळ झालेल्या असायचो. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने स्वतःचं ताट घासून ठेवलं.

त्यानंतर एक नवीनच गंमत सुरू झाली. मी संध्याकाळी ट्रेनमधून उतरायचे, जिना उतरून खाली यायचे, पाठ सरळ करून, हसू जमवून फाटकाकडे वळायचे, तर समोर कुणीच नाही. एवढ्या दिवसांत हा माणूस कधी चुकला नव्हता. मी फाटकातून बाहेर पडून दोन-चार मिनिटं उभी राहिले की हा समोरच्या कोंबिनीतून बाहेर यायचा, हात कोटाच्या खिशात, कधी मागोमाग चैत्रालीही.

"काय करत होतास?"

"काही नाही. दूध बघत होतो."

दूध आणलेलं नसायचं. खिशात बोटांची सारखी चाळवाचाळव. एकदा हात बाहेर काढला तर नखांत माती. आधी मला वाटलं माझ्या बोलण्याचा राग धरलाय. मग तर मलाच राग यायला लागला. दिवसभर लोकांची कर्जाची प्रकरणं उपसायची, परक्या भाषेत माफ्या मागायच्या, आणि वर स्टेशनवर नवऱ्याची वाट बघत उभं राहायचं. शेवटी मी म्हटलं, "यायचं नसेल तर येत जाऊ नकोस, मला घर माहीत आहे." त्यावर तो नुसताच, "नाही, येतो," म्हणाला.

मोरिवाकी-सान एकदा रस्त्यात भेटले. म्हणाले, "त्यांनी धड करवतीने कमरेतून कापलं. मी अडवलं नाही." त्यांच्या आवाजावरून ती चांगली बातमी होती की वाईट, ते मला कळलं नाही. मार्च उजाडला होता. मी मनातल्या मनात त्या खुर्चीची जागा बदलून पाहिली. दुसऱ्या खिडकीजवळ ठेवली तर निदान समुद्र दिसला असता.

हिराओका-सान ठरल्याप्रमाणे शनिवारी आल्या. मी आणि चैत्रालीही गेलो. मला खरं तर जायचं नव्हतं. नकार ऐकताना त्याचा चेहरा पाहायचा नव्हता.

ओकामी-सान गाळ्याच्या मधोमध उभी होती. आता तिच्या अंगावर कातडं होतं. ते अजून वाळायचं होतं, कानांना पुठ्ठ्याचे तुकडे लावलेले, पापण्यांना टाचण्या. मान जराशी खाली. एक कान पुढे, दुसरा मागे कुठेतरी. सगळा भार डाव्या अंगावर, मागचा उजवा पाय सैल, नुसता टेकवलेला. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलेला. पोट सोडून दिलेलं. दिवसभराची वणवण झाली आहे, अजून घर गाठायचं आहे, पण आत्ता कुणी बघत नाहीये तेव्हा घटकाभर उभी राहते, असं तिचं चाललं होतं. भिंतीशी उभी असलेली ती सगळी पलटण तिच्याकडे ताठ मानेने बघत होती.

हिराओका-सान दारातच थांबल्या. त्यांनी फेरीही मारली नाही. मग त्या ओकामी-सानसमोर जाऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा." ऑफिस सुटताना आम्ही सगळे एकमेकांना हेच म्हणतो. दमलात, आज पुष्कळ केलंत. त्या ते एका रानडुकरिणीला मनापासून म्हणत होत्या.

मोरिवाकी-साननी डोळे पुसायला चष्मा काढला.  आणि तेवढ्यात आमची लेक जपानीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही तर आई आहे. स्टेशनवरची आई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डाव्या खांद्यावर पिशवी होती. भार डाव्या पायावर होता. उजवा पाय सैल होता.

हिराओका-साननी रुमाल तोंडाला लावला. मोरिवाकी-सान छताकडे बघायला लागले. मी मराठीत विचारलं, कारण पुढचं जपान्यांना कळायला नको होतं.

"अंबरीष. ही मी आहे?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, उभं राहणं तुझं आहे. बाकी डुक्कर आहे."

"आयुष्यात कुणी माझं साधं चित्र काढलं नाही. आणि पुतळा झाला तो हा."

"अनू, ऐक तर. तू म्हणालीस ना, मला बघून सगळे सावधान होतात. मग मी ठरवलं, दिसायचंच नाही. कोंबिनीत मासिकांच्या मागे उभा राहून बघायचो आणि खिशातल्या मातीच्या गोळ्याला बोटांनी तसाच आकार द्यायचो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तू रोज थांबतेस. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतेस. मग अशी, पाय सोडून, जरा वेळ नुसती उभी राहतेस. मग पाठ सरळ करतेस, आणि मग फाटकाकडे वळतेस." तो थांबला. "ते माझ्यासाठी करतेस. मी रोज तुला विचारायचो आणि तू मस्त म्हणायचीस. मला माहीतच नव्हतं तू इतकी दमतेस."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे एकही धड करता येईना. मी ओकामी-सानच्या पाठीवर हात ठेवला. राठ केस होते. मला तिची लाज वाटली नाही. एवढी वर्षं बरोबर राहून ज्याला मी दिसले नव्हते, त्याने मला पाहिलं होतं, आणि जसं पाहिलं तसं, काही न लपवता, प्रेमाने उभं केलं होतं. चांगली होती ती. मी तिथेच त्याला तसं सांगितलं. "चांगली झालीये," मी म्हटलं. "पण पोट जास्त केलंयस."

"ते ओकामी-सानचं आहे," तो घाईघाईने म्हणाला.

काम मिळालं. हिराओका-सान पुढच्याच आठवड्यात पहिल्या खेपेची जनावरं पाठवते म्हणाल्या, त्यात एक हरीण आणि दोन ससे होते. त्या गेल्यावर मोरिवाकी-साननी चहा केला, तो प्यायले, आणि मग उठून भिंतीशी गेले. त्यांचा पहिलावहिला कोल्हा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणला.

"माझ्या तरुणपणापासून उभा आहे बिचारा," ते अंबरीषला म्हणाले. "करवत द्या. याला आता बसवू या."

चैत्रालीने कोल्ह्याचं शेपूट धरलं. मी त्यांना तिथेच सोडून घरी आले आणि निघताना शटर अर्धं खाली होतं ते पुरतं वर ढकलून ठेवलं.

सोमवारी ऑफिसात फार वाईट दिवस गेला. एक जुनं खातं बुडायला आलं होतं, मुंबईहून फोनवर फोन, आणि जेवायला वेळ मिळाला नाही. ट्रेनमध्ये जागा नव्हती. रोक्कोमिचीला उतरले, जिना उतरले, शेवटच्या पायरीवर थांबून पिशवीचा खांदा बदलला. सवयीने आधी कोंबिनीच्या काचेकडे पाहिलं. मासिकांच्या मागे कुणी नव्हतं.

तो फाटकासमोर होता, नेहमीच्या जागी. पण खांबाला पाठ टेकून, सगळा भार चांगल्या पायावर देऊन, उजवा गुडघा सैल सोडून. शर्टाची एक बाजू बाहेर आली होती. सगळ्या स्टेशनला दिसत होतं की या माणसाचा पाय अधू आहे. त्याने मला पाहिलं आणि तो तसाच राहिला. मीही पाठ सरळ केली नाही. पाय ओढत फाटकातून बाहेर आले.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"फार," मी म्हटलं, आणि पिशवी त्याच्या हातात दिली.